सरकारचा बाप

"सरकारला कळणार नाही ना?" दुकानाचं शटर अर्धं ओढून घड्याळजींनी हळूच विचारलं.

"दाजी, हे मोबाइलमधलं गुप्त नाणं आहे, क्रिप्टो," मेहुणा स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाला. "कुणी दिलं, कुणाला दिलं, किती दिलं, काही दिसत नाही. सरकारच्या बापालासुद्धा कळणार नाही!"

घड्याळजी निर्धास्त झाले. त्यांच्या घरात सरकार म्हणजे एकच, बायको. आणि सरकारचा बाप त्या क्षणी दुकानाच्या वरच्याच खोलीत दाढी करत होता.

घड्याळजींना चंद्रावरचे खड्डे बघायला दुर्बीण हवी होती. सरकारने प्रस्ताव फेटाळला होता. "दिवसभर एक डोळा मिटून घड्याळात बघता, आता संध्याकाळीही? आणि ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर?" घरातले डबे तिच्या ताब्यात, बँकेचे मेसेज तिच्या नजरेत. म्हणून संग्रहातली जुनी घड्याळं विकून पैसे गुपचूप नाण्यात चालले होते.

"हे बारा शब्द म्हणजे किल्ली," मेहुणा म्हणाला. "लिहायचे नाहीत, पाठ करायचे. एक जरी विसरलात तर नाणी गेली."

शब्द इंग्रजी होते. घड्याळजींनी ते मराठीत आणले आणि दुरुस्तीला आलेल्या लंबकाच्या घड्याळाच्या ठेक्यावर बसवले.

घुबड, शिडी, काकडी, तंबू,
मीठ, मावशी, चाक, लिंबू,

टिक. टॉक. दिवसभर.

आठवड्याभरात सासरे दाढी करताना गुणगुणू लागले, "घुबड, शिडी…" घड्याळजींच्या हातून स्क्रू निसटला. मग कपड्यांच्या घड्या घालता घालता सरकारही, "मीठ, मावशी…"

"चाल बरी आहे हो," ती म्हणाली. "कुठली?"

"जु… जुनी."

घाबरून त्यांनी मनातल्या मनात म्हणायचं ठरवलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि लंबकाचं घड्याळ घेऊन गेलं. ठेका गेला, ठेक्याबरोबर शब्दही गेले. घुबड, शिडी, काकडी, आणि पुढे सगळा अंधार!

"दाजी, सरकारला सापडू नये म्हणून केलेली सोय आहे ही," मेहुणा हताश झाला. "तुम्हालाच सापडेना, तर मी काय करू?"

शेवटी घड्याळजी सासऱ्यांसमोर उभे राहिले. "बाबा, ते गाणं जरा म्हणता?"

सासऱ्यांनी घसा खाकरला, मांडीवर ठेका धरला. दोन ओळी झाल्या. "आरसा, बदक, ढग…" आणि ते थांबले.

"पुढे?"

"जावईबापू, पुढचा शब्द आमच्या अखत्यारीत नाही. सरकारला विचारा."

सरकार दारातच उभी होती. "दुर्बिणीसाठी हवाय ना?"

घड्याळजींचा चेहरा पडला. "अगं, पण नाणं तर कुणाला दिसतच नाही!"

"नाणं कोण बघतंय? मी माणूस बघते. भिंतीवरची घड्याळं एकेक करून गायब. दिवेलागणीला तुम्ही गच्चीत एक डोळा मिटून उभे. वाटेत ते नाणं कुठे का लपेना, घड्याळं बाहेर जायला आणि दुर्बीण आत यायला दार माझंच ना?"

"मग अडवलं का नाहीस?"

"गच्चीतल्या कुंड्या कोपऱ्यात कुणी सरकवल्या? मुठीएवढी का होईना, जागा नको दुर्बिणीला?"

खालच्या आवाजात घड्याळजी म्हणाले, "मग तो बारावा शब्द…"

"बायको."

"हो, बोल ना."

"अहो, शब्दच तो आहे! अकरा लक्षात राहिले नाहीत ते ठीक, पण हासुद्धा?"

सासरे हसून हसून खोकू लागले.

दुर्बीण आली. पहिल्याच संध्याकाळी सरकारने तिचा ताबा घेतला. मागे नंबर सरकारच्या बापाचा. त्यामागे घड्याळजी, सवयीने एक डोळा मिटून, समोर नुसती हवा.

"अगं, काय दिसतंय?"

दुर्बिणीवरचा डोळा न काढता सरकार म्हणाली, "ते गुप्त आहे."