बिरूनाना गाल तपासतात

आमच्या माधवनगरात तुम्ही नवीन असाल आणि बिरूनानांच्या दारावरून जाणार असाल, तर आधीच सांगून ठेवतो, गाल सांभाळा. साठी ओलांडलेला एक काटक माणूस ओट्यावरून उठेल, तुमच्या वाटेत उभा राहील आणि ओळखदेख नसताना म्हणेल, "डोळं झाका." तुम्ही गोंधळून डोळे झाकाल. मग तुमच्या गालावरून काहीतरी कोरडं, झुबकेदार फिरेल आणि कानाशी प्रश्न येईल, "आता खरं सांगा. मऊ हाय का टोचतंय?"

घाबरायचं कारण नाही. तो दाढीचा ब्रश असतो, नानांनी स्वतःच्या हातानं बांधलेला. गॅसची टाकी आणणारा, विजेचं मीटर बघायला येणारा, कुणीही या परीक्षेतून सुटलेलं नाही. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार वीसेक माणसं घेऊन, हात जोडून गल्लीत आला. नानांनी त्यालाही डोळे झाकायला लावले. तो बिचारा सवयीनं म्हणाला, "फार मऊ आहे, फार छान आहे." नाना त्याच्या माणसांकडे वळून शांतपणे म्हणाले, "ह्यो गडी खोटं बोलतोय. मी मुद्दाम टोचणारा फिरवला हुता."

"नाना, स्वतःच्याच गालावर का नाही बघत?" असं मी एकदा विचारलं.

"आपला गाल आपल्याला खरं सांगत न्हाई, मास्तर. त्याला आपली सवय झालेली आसती."

मास्तर म्हणजे मी. सांगलीत एका शाळेत गणित शिकवतो आणि नानांच्या शेजारी राहतो. नाना मूळचे माण तालुक्यातले. घरची मेंढरं-शेरडं भावाकडे ठेवून तरुणपणी इकडे आले आणि कापडाच्या गिरणीत सायझिंग खात्याला लागले. तिथं सुताला शिजवलेली खळ लावतात, म्हणजे मागावर ते तुटत नाही. नानांचं अर्धं आयुष्य उकळत्या खळीच्या वाफेत गेलं. गिरणी बंद पडली तेव्हा लोकांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या; नानांनी पोतंभर जुने लाकडी बॉबिन आणि मागावरचे धोटे आणले. वर्षानुवर्षं सुतानं घासून गुळगुळीत केलेलं ते लाकूड. आता त्यातूनच ब्रशाच्या मुठी निघतात. शिलाई मशीनची मोटर लावलेला एक घरगुती लेथ ओट्यावर आहे, त्यावर नाना मूठ कातायला बसले की भुसा उडून त्यांच्या भुवयांवर बसतो.

मुठीचं असं सोपं होतं. केसांचं मात्र महाकठीण. घोड्याच्या शेपटीचे केस उत्तम, असं त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा परदेशी माणसाच्या व्हिडिओत बघितलं. आता माधवनगरात घोडा कुठं मिळणार? वरातीत. एका लग्नाच्या वरातीत सगळे नाचत असताना नाना घोडीच्या मागे जाऊन शेपटीचे केस बोटांत धरून चोळत होते, आणि वर बसलेला नवरदेव मुंडावळ्या बाजूला करून पुनःपुन्हा मागे वळून बघत होता. घोडीवाल्याशी बोलणी होईपर्यंत नानांनी वरात चांगली दहा मिनिटं खोळंबून ठेवली.

त्याआधी त्यांनी शेळीच्या करडाच्या केसांचा एक घाट घातला होता. केस मऊ, पण पाण्यात गेले की लोळागोळा व्हायचे. त्यांना ताठपणा पाहिजे. दुसऱ्या कुणाला काय सुचलं असतं ते माहीत नाही, पण तीस वर्षं सुताला खळ लावलेल्या माणसाला एकच सुचणार. नानांनी केस खळीत शिजवले, वाळवले आणि झकास ताठ ब्रश बांधला. पहिला मान मला. मी गरम पाण्यात ब्रश बुडवून साबण घोटायला लागलो, आणि बघता बघता वाटीत पिठलं झालं. ते तोंडाला फासून मी पाच मिनिटं बसलो, कारण नाना समोर श्वास रोखून उभे होते. ती खळ वाळल्यावर मला हसता येईना. नाना म्हणाले, "सुतावर टिकती ओ ही. केसावर का टिकंना?" आणि तेच आधी हसले.

खरं सांगायचं तर मी त्यांच्या नादाला लागलो तो लाजेखातर. माझी शाळा सकाळची. ट्यूबमधला फेस फासायचा, प्लॅस्टिकचा रेझर तीन मिनिटांत फिरवायचा, रक्त आलेल्या ठिकाणी कागदाचा तुकडा चिकटवून पळायचं. नानांनी एका सकाळी मला तसा कागद चिकटवलेला बघितला आणि पोराला बागुलबुवा दिसावा तसं तोंड केलं. रविवारी बोलावून घेतलं. आधी गरम टॉवेल. मग पितळी वाटीत भिजलेला ब्रश. मग साबणावर गोल गोल, गोल गोल. "घाई न्हाई. फेस नगं, खळ पायजे. बोट बुडवून वर काढलं की धार न तुटता पडली पायजे." मग तो गरम, दाट, साईसारखा साबण गालावर चढला, आणि मित्रहो, मी तिथंच हरलो. इतकी वर्षं माझ्या मालकीचा एक चेहरा आहे आणि त्याला हे सुख होऊ शकतं, याचा मला पत्ताच नव्हता. केसांच्या कलानं वस्तरा, तोही माझा मलाच फिरवायला लावला, मग गार पाणी, मग तुरटीचा खडा. मी आरशात बघितलं तर समोर चक्क एक देखणा माणूस. त्या दिवसापासून मी अर्धा तास आधी उठतो, वाटी खडखडवतो आणि घरादाराची झोपमोड करतो.

याची चीड एकाच माणसाला होती, आमच्या अण्णांना. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त हेडमास्तर. नानांनी एकदा त्यांच्याही गालावर ब्रश फिरवला होता. अण्णांनी डोळे न झाकता सांगितलं होतं, "नाना, वयाचं भान ठेवा." त्यानंतर नानांनी आमचा उंबरा ओलांडला नाही.

गेल्या माघात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू चांगली राहिली, पण डाव्या गालाची जाणीव गेली. ओठ त्या बाजूला ओघळला. जेवताना घास कुठं लागलाय ते कळेना. रोज घोटून दाढी करणाऱ्या त्या माणसानं कुणालाच तोंडाला हात लावू देणं बंद केलं. आई जवळ गेली, मी गेलो, न्हावी आणला. प्रत्येक वेळी अण्णा भिंतीकडे तोंड करायचे. दोन महिन्यांत पांढरी दाढी इंचभर वाढली. तशात माझ्या बहिणीचा, प्राजक्ताचा, साखरपुडा ठरला, घरच्या घरीच. अण्णांनी अडखळत सांगितलं, "मी... आत. तुम्ही करा." प्राजक्ता म्हणाली, अण्णा पाहुण्यांसमोर येऊन बसले नाहीत तर मीही बसणार नाही. दोघं एकाच मातीचे. शनिवारपर्यंत कुणीच हललं नाही.

रविवारी अकराला पाहुणे यायचे. आठ वाजता मी हताश होऊन नानांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. नाना उठले. आत गेले, पितळी वाटी, टॉवेल, वस्तरा आणि एक नवा ब्रश घेतला आणि सरळ आमच्या घरात, अण्णांच्या खाटेपाशी जाऊन उभे राहिले.

"हेडमास्तर, आडचण आलीय," ते म्हणाले. "ह्यो ब्रश तपासायचा हाय. ज्याच्या एका गालाला कळतंय आन् एका गालाला कळत न्हाई, आसा मानूस गावात दुसरा न्हाई. ज्या गालाला कळत न्हाई त्याला जर कळलं, तर माझा ब्रश खरा."

आईनं तोंडाला पदर लावला. झटका आल्यापासून त्या गालाचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नव्हतं, आणि हा माणूस भाजीचा भाव विचारावा तसा बोलत होता. अण्णा नानांकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांनी भिंतीकडचं तोंड इकडे केलं आणि डोळे झाकले.

नानांनी आधी कात्रीनं दाढी उतरवली. टॉवेलनं शेकलं. डाव्या गालावर साबण चढवला, भरपूर, गरम, पुन्हा पुन्हा. "आता खरं सांगा, हेडमास्तर."

अण्णांनी वेळ घेतला. मग त्यांच्या तोंडून दोन महिन्यांत पहिल्यांदा एक अख्खा, सुस्पष्ट शब्द आला. "नापास."

"आवं, आसं कसं. फेरपरीक्षा घ्या." नानांनी पुन्हा साबण चढवला. पुन्हा नापास. तिसऱ्यांदा नापास. तिसऱ्या खेपेला अण्णांचं पोट हलायला लागलं. अण्णा हसत होते. वाकडे हसत होते, साबण ओठात जात होता, आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. प्राजक्ता दाराला धरून रडत होती आणि हसतही होती. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. अण्णांनीच मग वाटीशेजारच्या वस्तऱ्याकडे बोट केलं.

डावी बाजू टॉवेलनं कातडी ताणून झाली. उजव्या गालाची कातडी ताणायला नानांनी अंगठा टेकवला आणि एकदम थांबले. अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "हात टोचतोय का?"

अण्णा म्हणाले, "नाही."

साडेदहाला अण्णा पांढरा सदरा घालून बैठकीत बसले. मी मागच्या अंगणात गेलो तर नाना नळावर ब्रश धूत होते. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी धूत होते. मी म्हटलं, "नाना, चला आत. पाहुणे येतील."

"येतो," ते म्हणाले, पण उठले नाहीत. "मास्तर, पयला ब्रश मी दाढीसाठी बांधलाच न्हवता. आमची कारभारीण हौसा शेवटचं आजारी हुती न्हवं, तवा रोज तिचं तोंड मी पुसायचो. ह्या हातांनी. खळीनं हात पार खरबरीत झाल्यालं. हात लावला की ती तोंड फिरवायची. बोलायची न्हाई काय, खरं टोचायचं तिला. मग भावाकडनं करडाचं केस आनलं, झुबका बांधला आन् कोमट पान्यात बुडवून त्येनं पुसलं. तवा तिनं गाल म्होरं केला."

नळ वाहत होता. मी तो बंद केला.

"ती गेली त्याला सा वर्सं झाली. तवापासनं नुसता हात कुनाच्या तोंडाला लावला न्हवता. आज लावला. मुद्दाम कळनाऱ्या गालालाच लावला आन् इचारलं." नानांनी माझ्याकडे बघितलं. "हेडमास्तर माझं मन राखायला तर न्हाई म्हनलं नसतील?"

"नाही नाना," मी म्हटलं. "टोचलं असतं तर अण्णांनी सांगितलं असतं."

मी त्यांचा ओला हात हातात घेतला. खरखरीत होता, खोटं कशाला सांगू. पण सोडवेना.