बारशाचा डाव

बारसं संध्याकाळी पाचला होतं आणि दुपारचे दोन वाजले तरी बाळाचं नाव ठरलं नव्हतं. म्हणजे नावं ठरली होती, दोन. अडचण तीच होती.

थोरली आत्या तुळजाबाई शहागडहून आली ती "गोदावरी" हे नाव घेऊनच. धाकटी आत्या साळूबाई जुन्या जालन्याहून आली ती "स्वीटी" घेऊन.

"स्वीटी?" तुळजाबाई म्हणाली. "बिस्किटाचा पुडा हाय का काय ती?"

"अन् गोदावरी म्हणून शाळंत हाक मारली का पोरगी रडत घरी यील, अक्का."

बाळाची आई आशामती भिंतीला टेकून बाळाला पाजत होती. सव्वा महिना झाला, एकांतात ती पोरीला जुई म्हणत होती. पण नाव ठेवायचा मान आत्यांचा. आईला कोण विचारतं? ती आतून धास्तावली होती. अंबडच्या ह्याच घरात उद्यापासून "स्वीटे, इकडं ये" असं आपल्यालाच ओरडावं लागणार, या विचाराने तिला घास गेला नव्हता.

चिठ्ठ्या टाकायचं निघालं, पण दोघींचा एकमेकींच्या घडीवर विश्वास नव्हता. तेव्हा साळूबाईने पिशवीतून पत्ते काढले. तिच्या गल्लीतल्या बाया दुपारी तीन पत्ती खेळायच्या.

"खेळ की," तुळजाबाई पदर खोचत म्हणाली. "तीन पत्तीत मला शहागडात कोणी हरवलं न्हाई."

"साधी न्हाई अक्का, मुफलिस. यात सगळं उलटं. ज्याचे पत्ते सगळ्यात भिकार, तो जिंकला. एक्के, राजे, जोड्या, सगळं वाईट. लागोपाठचे तीन आले तरी वाईट."

"हे कुठलं शास्त्र?"

"लई मजा येती. पण दोघींत न्हाई जमत, तिसरी पाहिजे. आशा, ये."

"ताई, मला पत्ते येत न्हाईत. अन् ही पीत हाय."

"पिऊ दे. नुसतं बस. आकडा भरायला."

सासूबाई चतुराबाई चुलीपाशी घुगऱ्या शिजवत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "बसवायची तर बराबर धरा तिला. ती जिंकली तर तिचं नाव."

दोघी आत्या मनापासून हसल्या. नेमकं तेच आशामतीला बोचलं आणि ती पुढे सरकली.

पैशांऐवजी घुगऱ्यांचे हरभरे घेतले. शिकायचे म्हणून दोन डाव झाले. दोन्ही वेळा तुळजाबाईने जोडी आली की मांडीवर थाप मारली आणि साळूबाईने तिला थांबवलं. तिसरा डाव खरा.

आशामतीने पत्ते उचललेच नाहीत. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने हरभरा टाकायचा. न बघता खेळणारणीला एकच हरभरा, बघणारणीला दोन. तुळजाबाईने मात्र पत्ते बघितले आणि तिचा चेहरा उजळला. ती दोन-दोन टाकतच सुटली.

"माय, आणखी हरभरे दे!"

"बाया काय खातील मंग? माझं डोकं?"

हरभरे संपले तशा तिघी पत्ते उघडायला तयार झाल्या.

"तीन दश्श्या!" तुळजाबाई ओरडली. "तीन! गोदावरी!"

साळूबाई गालात हसली. "अक्का, मुफलिस हाय."

तुळजाबाईचा हात हवेतच राहिला. साळूबाईने दुर्री, चव्वी, सत्ती मांडली, वेगवेगळ्या रंगांची. "आता स्वीटी म्हणा."

"आशाचे राह्यले ना," सासूबाई म्हणाल्या.

आशामतीपुढे बदामची दुर्री होती, इस्पिकची तिर्री होती. तिसरा पत्ता नव्हता. गोधडी झटकली, पदर झटकला. मग दिसलं, तो बाळाच्या मुठीत होता. पिता पिता पोरीने धरला होता, पुरता चुरगळून, आणि आता ती गाढ झोपली होती.

साळूबाईने हात पुढे केला.

"खबरदार!" सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सकाळपासून आता डोळा लागलाय तिचा. आपोआप सोडंल."

साळूबाई पुटपुटत हिशेब करू लागली. "चव्वी असली तर लागोपाठ, मी जिंकले. एक्का असला तरी मीच. पंजी, छक्की न्हाईतर सत्ती असली तरच ही."

आशामतीला त्यातलं काही कळलं नाही. पंजी, छक्की न्हाईतर सत्ती, एवढंच तिने जपासारखं धरलं. चौघी बाळाभोवती उकिडव्या बसून राहिल्या. कोणी शिंकेना, कोणी बोलेना.

तेवढ्यात शेजारची सोनूबाई कुंची घेऊन दारात आली. चार बाया, चार पडलेले चेहरे, मध्ये निपचित बाळ. तिच्या हातून कुंची गळाली.

"अगं बाई गं! काय झालं लेकराला!"

तिच्या किंकाळीने बाळ दचकलं, हातपाय फेकले आणि भोकाड पसरलं. मूठ उघडली. ओली झालेली किलवरची पंजी आशामतीच्या मांडीवर पडली.

"काही न्हाई झालं, सोनूबाई," आशामती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. "जुई झाली."

पाच वाजता पाळणा सजला. पण कानात नाव सांगायचं ते आत्यानेच, आणि थोरली म्हणून तुळजाबाईने. ती फुगलेलीच होती. बाळाच्या कानाशी वाकली ती उठेचना. एका नावाला केवढा वेळ? आशामती पाळण्याकडे सरकली. गोदावरीच सांगून राह्यली का काय ही?

शेवटी तुळजाबाई सरळ झाली. सगळ्यांकडे बघून मोठ्याने म्हणाली, "जुई!"

बायांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. घुगऱ्या वाटीवाटीऐवजी चमचाचमचा मिळाल्या. आशामतीने किती तरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

पानं वाढताना तिने हळूच विचारलं, "अक्का, एवढा वेळ काय सांगत होत्या तिला?"

"तुला काय करायचं?" तुळजाबाई म्हणाली. मग वाढणं थांबवून, "तीन दश्श्या आल्त्या माझ्याकडं, आशा. तीन! जलमात पहिल्यांदा. ह्या घरात कोणाला त्याचं कवतिक हाय का? मंग सांगितलं तिलाच. निदान तिनं मान तरी हलवली."