कॉल कोण तोडतंय?

गवई सरांनी आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांचे राऊटर उलटे करून पाहिलेत. अकोल्याच्या तंत्रनिकेतनात ते नेटवर्किंग शिकवायचे. निवृत्त झाले, पण एका जागी बसवत नाही. चहासुद्धा गच्ची, गेट, पुन्हा गच्ची असा फिरत पितात. कुणी "नेट स्लो आहे" म्हटलं की थेट त्याच्या घरात. "स्लो म्हंजे काय? कुठं अडकलं ते दाखव मले!"

मागच्या हिवाळ्यात त्यांच्याच घरात अडकलं. मुलगा बंगळुरूला. दर रविवारी गवई काकू लॅपटॉपवर त्याच्याशी बोलायच्या आणि कॉल मध्येच तुटायचा. सरांनी वायर बदलली. राऊटर न्हाणीच्या दारावर टांगला. कंपनीच्या माणसाला इतके प्रश्न विचारले की तो हेल्मेट विसरून पळाला.

शेवटी एका सकाळी मला हाक मारली. "इकडं ये. तीन रविवार लॅपटॉपमधून जे जाते-येते ते सारं पकडून ठेवलं. पन सारं कुलूपबंद, काईच वाचता येत नाई. म्हनून ब्राउझरले पयलेच सांगून ठेवलं होतं, बाप्पा, तुह्या किल्ल्या एका फाइलीत टाकत जाय. आता पायतो चोर कोन हाय ते!"

किल्ल्या लागल्या. अगम्य अक्षरांच्या जागी साधे शब्द दिसू लागले. सर उभ्यानंच वाचत होते. या रविवारचा कॉल, मागचा, त्याच्या मागचा. मग ते हळूच खुर्चीवर टेकले. लाइन कधी तुटलीच नव्हती. दर वेळी समोरूनच कॉल संपवायचं बटण दाबलं होतं.

"काय निंगालं?" काकूंनी आतून विचारलं.

"राऊटर भंगार हाय," सर म्हणाले. "नवा आनतो."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "राहू द्या. 'कधी येतं रे' इचारलं का तो कट करते. मले पयलेपासून मालूम हाय."

"मंग सांगतलं काहून नाई? मी येड्यासारका वायरी जोडून राह्यलो!"

"म्हनूनच नाई सांगतलं. रिटायर झाल्यापासून पयल्यांदा पोटभर जेवून राह्यले होते तुमी."

सरांनी लॅपटॉप मिटला.

पुढच्या रविवारी मी तिथंच होतो. काकूंनी तो प्रश्न काढला नाही. "आज काय रांधलं?" एवढंच विचारलं. पोरानं फोन उचलून शेगडीवरची डाळ दाखवली.

"पानी जास्त झालं रे," सर मागून म्हणाले.

पोरगा हसला. "मंग आता काय करू, बाबा?"

सरांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. तरी ते बराच वेळ सांगत राहिले.