होडीतली उशी

होडी विकायची, एवढंच ठरलं होतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर तापीबाईंची मान आखडली नसती.

तापीबाईंचे यजमान हिंमतराव होते तेव्हा तापी नदीपलीकडच्या मळ्यात जायला ही होडी लागायची. मग पूल झाला, मुलानं, धीरजनं, मोटारसायकल घेतली आणि होडी अंगणातल्या निंबाखाली येऊन बसली. कोंबड्या तिच्यात अंडी घालत, तापीबाई मिरच्या वाळत घालत. कुणाची काही तक्रार नव्हती. पण धीरजची लेक भूमिका चालायला लागली आणि त्याच्या बायकोचा, कामिनीचा, जीव टांगणीला लागला. पोर दिवसभर होडीच्या काठाला लोंबकळायची. (पडेल, दात पडतील, मग लग्नाच्या वेळी पाहुणे विचारतील. कामिनीचं डोकं एकदा सुटलं की थेट लग्नाच्या मांडवातच थांबायचं.)

म्हणून तिनंच नवऱ्यामागे धोशा लावला, की ही बला अंगणातून काढा. धीरजनं मोबाइलवर होडीचे फोटो टाकले, आणि शहाद्याच्या रस्त्यावर ढाबा चालवणाऱ्या हिलालचा फोन आला. रविवारी टेम्पो घेऊन येतो, जशी आहे तशी चालेल, उगाच काही करत बसू नका, म्हणाला.

इथंच कामिनीच्या मनात पाल चुकचुकली. होडीच्या फळ्यांमधून पलीकडची कोंबडी दिसते, आणि हा माणूस म्हणतो चालेल? एक तर वेडा असेल, नाहीतर बेफिकीर. उद्या त्याची पोरं हिच्यात बसली आणि भर नदीत पाणी शिरलं, तर ते पाप कुणाच्या माथी?

धीरजचं म्हणणं सरळ होतं. आपण काही लपवलेलं नाही, भोकं फोटोत दिसतात. त्यानं तिला विचारलं, "तुले होडी घालवानी शे का ठेवानी शे?"

"घालवानीच शे," कामिनी म्हणाली. "पन कोनी पोरं बुडावानी नही."

यावर धीरज शेतात निघून गेला. (वाद संपवायची त्याची हीच रीत.)

मग कामिनीनंच होडी दुरुस्त करायची ठरवली. दुरुस्ती कशी करतात ते तापीबाईंनी नवऱ्याच्या हातून पाहिलेलं होतं. कापसाच्या वाती वळायच्या, तेलात भिजवायच्या, फटींमध्ये ठासायच्या, वरून डांबर. डांबर मिळालं. अडलं ते कापसावर. गाव कापसाचं, शिवार कापसाचं, पण वेचणी उरकून माल जिनिंगला गेला की घरात कापूस उरतो तो देवाच्या वातीपुरता. देवाच्या वाती पहिल्या फटीतच संपल्या. कामिनीनं घरभर नजर फिरवली आणि ती सासूच्या उशीवर जाऊन थांबली.

उशी रुखवतातली होती. तापीबाईंनी ती छातीशी धरली, सुनेकडे पाहिलं, मग होडीकडे पाहिलं. शेवटी कुणाची तरी लेकरं बसणार म्हणून दिली, पण नवा कापूस आला की पहिली उशी माझी, हे वदवून घेतलं. तोवर डोक्याखाली घडी केलेलं लुगडं. दुसऱ्या दिवसापासून त्या शेजारणीशीही तिरप्या मानेनं बोलू लागल्या.

फटी भरल्या. पण सुकलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलं, की मगच फटी खऱ्या मिटतात, असं तापीबाई म्हणाल्या. म्हणून कामिनीनं नळी लावून होडी भरली. आधी ती चाळणीसारखी गळली, मग ठिबकली, मग थांबली. कामिनीला असा आनंद झाला की ती टाळ्या वाजवणार होती. तेवढ्यात भूमिका काठाला लोंबकळताना दिसली, आणि टाळ्या राहिल्या, तिनं धावत जाऊन पोरीला उचललं. आजवर अंगणात कोरडी होडी होती. आता काठोकाठ भरलेली होती, आणि भरली कुणी, तर तिनंच.

पाणी काढलं तर लाकूड परत सुकणार, म्हणून रविवारपर्यंत कामिनी बाजेवर बसून पहाऱ्यावर. ओढणीचं एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं पोरीच्या. घरातली कामं तिरप्या मानेनं तापीबाईंनी केली. शेजारच्या गजराबाईची म्हैस मात्र खूश होती, रोज येऊन होडीतलं पाणी प्यायची. "होडी कसाले इकस, कामिनी?" गजराबाई म्हणाली. "मन्ही म्हैसले पटनी शे."

रविवारी हिलाल आला. होडीत वाकून पाहिलं आणि गप्प उभा राहिला. त्याला कौतुकानं शब्द सुचत नसतील असं वाटून कामिनीच पुढे झाली. "एक थेंब गळत नही, दादा. पोरंसोरं खुशाल बसाडा."

हिलालनं डोकं खाजवलं. "ताई, इन्हामा कोनीच बसाव नही. ढाबाना दारसे ठेवानी शे. माती भरीसन झेंडू लावसू. पानी निंघाले खाले भोके जोईजेत ना. फोटोमा भोके पाहीसनच तं फोन करा व्हता मी."

 म्हैस होडीतलं पाणी पीत होती. धीरज भोकं पाडायचं गिरमिट आणायला घरात वळला, पण त्याची पाठ हलत होती, आणि तो रडत नव्हता हे कामिनीला मागूनही कळलं.

बाजेवरून तापीबाईंनी तिरप्या मानेनंच त्याला थांबवलं.

"गिरमिट कसाले रे? पयले मन्ही उशी काढी दे. भोके व्हतात तेच निंघतीन."