गुहा भरून गिटारी

एका जंगलात सगळ्यांचं पोट वेळेवर भरू लागलं आणि तिथूनच ही भानगड सुरू झाली.

मुलांनो, पोट रिकामं असलं की प्राणी वारूळ शोधतो. पोट भरलं की तो स्वतःला शोधू लागतो. असं स्वतःला शोधत फिरणारं एक अस्वल त्या जंगलात होतं. त्याचं नाव झिपरू. चांगला दांडगा, अंगभर केस, लांब बाकदार नखं. वारुळं फोडण्यात आणि मधाची पोळी उतरवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण एके दिवशी भरपेट जेवल्यावर त्याला वाटलं, आपल्या आत एक कलावंत आहे.

असं ज्याला वाटतं त्याच्याशी वाद घालू नये. आत जाऊन बघणार कोण?

झिपरू ओढ्यापलीकडच्या साळूशेठच्या दुकानात गेला. साळूशेठ म्हणजे साळिंदर. त्याच्या दुकानात छतापासून जमिनीपर्यंत गिटारी टांगलेल्या असायच्या. झिपरूने मधाचा रांजण दिला आणि गिटार घेतली. साळूशेठने तार छेडायला आपल्या पाठीवरचा एक काटा उपटून फुकट दिला. फुकट काही हातात पडलं की गिऱ्हाईक विकत घेतलेली वस्तू नीट बघत नाही, हे तो पुरता ओळखून होता.

वडाखाली एक म्हातारं वानर गिटार शिकवायचं. झिपरू तिथे गेला. एकदाच गेला.

"डाव्या हाताची नखं कापून ये," वानर म्हणालं. "तारेवर बोटाचं टोक टेकलं पाहिजे. तुझं नख टेकतंय. वारूळ काय, उजव्या हातानेही फोडता येतं. आणि रोज बसायचं. आधी बोटं दुखतील, मग दुखायची थांबतील."

झिपरू हादरला. नखं कापायची? अस्वलाने? आणि वर रोज बसायचं?

तो घरी आला आणि बायकोला, म्हणजे जांभळीला म्हणाला, "मास्तर जुन्या वळणाचा आहे गं. आणि खरं सांगू का, ही गिटारच जरा साधी आहे. हिला आवाज नाही."

मग दुसरी गिटार आली. ती आल्यावर आठवडाभर झिपरू खरोखर खूश होता. नवी गिटार नव्या जावयासारखी असते, मुलांनो. सुरुवातीला तिच्याकडून कोणी कामाची अपेक्षा करत नाही. मग लक्षात आलं की हिच्यातूनही तोच आवाज येतो. झर्र. तारेवर नख घासल्याचा.

"हिचं लाकूड हलकं आहे," झिपरू म्हणाला. मग शिसवीची आणली. तिनेही झर्र केलं. मग बारा तारांची आणली. ती बारा तारांनी मिळून झर्र म्हणाली.

"अहो, आता ही कशाला?" एकदा जांभळीने विचारलं.

"प्रवासासाठी. बघ ना, किती लहान आहे."

"कुठे निघालात?"

"जायचं ठरलं तर."

"आणि ही?"

"ही दमट हवेत सुरात राहते."

"मग कोरड्या हवेत?"

"तिच्यासाठी एक बघून ठेवली आहे."

जांभळी गप्प बसली. बायका अशा वेळी गप्प बसतात आणि नवरे त्याला संमती समजतात.

दर रविवारी टेकडीवरच्या मोठ्या खडकावर जंगलातले सगळे हौशी कलावंत जमायचे. गवा, रानडुक्कर, घोरपड आणि आपला झिपरू. पाठीवर गिटारी घेऊन धापा टाकत चढायचे आणि त्याच गिटारी घेऊन उतरायचे. मधल्या वेळात बोलायचे. कुठल्या झाडाचं लाकूड, कुठल्या धातूची तार, खुंट्या कुठल्या मुलखातल्या. "वाजवून दाखव" असं म्हणणं तिथे असभ्य मानत. कोणी चुकून म्हटलंच तर घोरपड म्हणायची, "तारा नव्या आहेत हो, अजून बसल्या नाहीत." घोरपडीच्या तारा पाच वर्षं नव्याच होत्या.

मग हे लोक वाजवायचे कुठे? दुकानात.

झिपरूला एक तुकडा येत होता. एकाच तारेवर, एकाच बोटाने, वर-खाली, वर-खाली. तेवढाच तो साळूशेठच्या दुकानात वाजवायचा. साळूशेठ डोळे मिटून मान डोलवायचा.

"वा, झिपरूसाहेब! हात बसलाय. आता फक्त या हाताच्या तोडीची गिटार पाहिजे."

हे वाक्य झिपरूच्या घशातून मधासारखं उतरायचं. गुहेत त्याला कोणी वा म्हणत नव्हतं. खडकावर तर कोणी वाजवतच नव्हतं. अख्ख्या जंगलात त्याला वा म्हणणारा एकच प्राणी होता, आणि त्याच्या तोंडून ते ऐकायचं तर गिटार विकत घ्यावी लागायची.

एकदा झिपरू दुकानाशी पोचला तेव्हा आत गवा होता. गव्याने गिटारीवर खूर ठेवला. चार तारा आणि तीन पडदे एकदम दबले. खुराला बोटं नसतात, त्याला बिचारा गवा तरी काय करणार! त्याने तोच तुकडा वाजवला. वर-खाली, वर-खाली.

"वा, गवेसाहेब!" साळूशेठ म्हणाला. "हात बसलाय."

दाराआड उभा असलेला झिपरू तोंड दाबून हसला. खुराला हात म्हणतो! काय लबाड शेठ आहे! आणि गवा तरी किती भोळा! गवा गिटार घेऊन गेला. मग झिपरू आत गेला, तोच तुकडा वाजवला, हात बसल्याचं ऐकलं आणि गिटार घेऊन घरी आला.

थंडी पडली. जांभळीचे दिवस भरत आले. अस्वलाचं पिल्लू गुहेच्या अगदी आतल्या दालनात जन्मतं. तिथे वारा पोचत नाही. पण झिपरूच्या गुहेत आतल्या दालनात गिटारी होत्या.

"काढतो," झिपरू रोज म्हणायचा. "जरा नीट जागा लावून काढतो. बाहेरच्या वाऱ्याने लाकूड तडकतं."

पिल्लू गुहेच्या तोंडाशी जन्मलं. मुठीएवढं, डोळे मिटलेलं. वारा आला की थरथरायचं आणि जांभळीच्या पोटात शिरायचं.

बाळंतपणाला सासूबाई आल्या. म्हातारी अस्वलीण, एक कान फाटका, जीभ शाबूत. त्यांनी लेकीला दाराशी पाहिलं. मग आत डोकावल्या.

"जावईबापू, आत कोण बाळंत झालंय?"

"सासूबाई, ती वाद्यं आहेत."

"वाजतात?"

"म्हणजे काय! उत्तम वाजतात."

"मग वाजवा की एक."

"आत्ता सुरात नाहीत."

"एवढ्यातली एकही नाही? बाई गं. एवढी आजारी माणसं तर वैद्याच्या घरीसुद्धा नसतात."

झिपरूला राग आला. "यातलं काही कळायला कान लागतो, सासूबाई."

"एक धड आहे मला. तुमच्यापुरता फाटकाही पुरेल."

तेव्हा जांभळी बोलली. पिल्लाला पोटाशी धरून, आवाज न चढवता बोलली.

"अहो, बारसं आठवड्यावर आलंय. आई माझ्यासाठी जो पाळणा म्हणायची, तो तुम्ही वाजवा. चारच ओळी आहेत. पहिलीपासून शेवटपर्यंत वाजवलात तर मी आणि आई मिळून पलीकडे नवं दालन खणतो. तुमच्या गिटारी जिथे आहेत तिथेच राहतील. नाही वाजलं तर त्याच दिवशी गिटारी बाहेर आणि पिल्लू आत."

"आणि बाहेर त्या तडकल्या तर?"

"पिल्लू तडकलं तर?"

झिपरूने "कबूल" म्हटलं. चार ओळी तर होत्या!

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू आणि लेक ओढ्यावर गेल्या. पिल्लू पाल्यात निजलं होतं. झिपरूने आतून गिटार काढली. पहिलीच हाताला लागली, ती साधी, आवाज नसलेली. त्याने तार दाबली. झर्र. पुन्हा दाबली. झर्र. त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्याने एक खडबडीत दगड घेतला आणि एका बोटाचं नख हळूच घासलं. टोक झिजलं. त्या बोटाने त्याने तार दाबली.

टण्ण.

एक स्वच्छ, गोल सूर गुहेत फिरला. पाल्यात कुरकुरणारं पिल्लू थांबलं. मिटल्या डोळ्यांनी त्याने मान वर केली.

झिपरूच्या अंगावर काटा आला. आनंदाने नव्हे. त्याने आत पाहिलं. जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या गिटारी त्याच्याकडे बघत होत्या. पहिल्या गिटारीला आवाज होता, तर मग बाकीच्या कशासाठी आणल्या होत्या? एक नख घासल्याने सूर लागतो, तर इतकी वर्षं तो रविवारी टेकडीवर कशाबद्दल बोलत होता?

तारा दाबायच्या बोटांची अजून तीन नखं उरली होती. तेवढी घासायची, आठवडाभर बसायचं, पाळणा वाजला असता. तुम्हाला वाटेल त्याने तसं केलं. मुलांनो, आपण मूर्ख होतो हे मान्य करण्यापेक्षा आणखी एक गिटार घेणं कितीतरी सोपं असतं. झिपरूने दगड दूर फेकला आणि साळूशेठचं दुकान गाठलं.

"शेठ, पाळण्यासाठी खास असं काही आहे का?"

"साहेब, तुम्ही विचारणार म्हणूनच मागवून ठेवली आहे," साळूशेठ म्हणाला आणि एक गिटार खाली काढली. तिच्यावर शिंपल्याची चंद्रकोर बसवली होती. "ही फक्त पाळणाच वाजवते."

जांभळीच्या बाळंतपणासाठी ठेवलेला मधाचा शेवटचा रांजण त्या चंद्रकोरीला गेला.

बारशाला सगळं जंगल आलं. साळूशेठ पुढे बसला. गवा बसला, घोरपड बसली. 'रानवार्ता' पत्राचा बातमीदार कावळाही आला. घुगऱ्या वाटणार होते ना! झिपरू चंद्रकोरवाली गिटार घेऊन बसला आणि सूर जुळवू लागला. खुंटी पिळली, सैल केली, पुन्हा पिळली. पाहुण्यांच्या घुगऱ्या संपल्या. काहींनी पुन्हा घेतल्या, त्याही संपल्या.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "पोर लग्नाचं होईल."

घासलेलं नख एव्हाना पुन्हा वाढलं होतं. मग झिपरूने पाळण्याची पहिली ओळ वाजवली. झर्र. दुसऱ्यांदा सुरू केली. झर्र, झर्र. बोट आपसूक त्याच एका तारेवर गेलं आणि दुकानातला तुकडा सुरू झाला. वर-खाली, वर-खाली.

पिल्लू दचकून रडायला लागलं.

झिपरूने साळूशेठकडे पाहिलं. साळूशेठ घुगऱ्यांत खडा शोधत होता. इथे काही विकायचं नव्हतं. गवा टेकडीकडे बघत राहिला. कोणी वा म्हटलं नाही.

"या गिटारीला अजून इथली हवा मानवलेली नाही," झिपरू म्हणाला.

"मग काढा सगळ्या बाहेर," सासूबाई म्हणाल्या. "चांगली हवा खाऊ द्या."

"सगळ्या?"

"एक ठेवा हवं तर. चूल पेटवायला."

झिपरूने जांभळीकडे पाहिलं. "दोन दिवस दे. जरा नीट जागा लावून..."

जांभळीने पुढचं ऐकलं नाही. तिने पिल्लाला अलगद तोंडात धरलं आणि आईच्या मागोमाग उतार उतरून गेली. झिपरूने हाक मारली नाही. त्याच्या मनात जे पहिल्यांदा आलं ते असं होतं: चला, दाराशीही आता जागा झाली.

पाहुणे उठले. कावळा मात्र आतल्या दालनात जाऊन आला आणि चोच वासून उभा राहिला.

"साहेब, एकंदर किती?"

झिपरूने आकडा सांगितला. कावळ्याने तो लिहून घेतला. "वाजवता का?" असं त्याने विचारलं नाही. समोर बसून ऐकलं होतं, तरी लिहिलं नाही. आकडा मिळाला की कावळ्याचं काम संपतं. दुसऱ्या दिवशी 'रानवार्ता'त पहिल्या पानावर मथळा होता: 'संगीतासाठी संसार सोडला!' खाली गुहेचं चित्र.

मग गुहा बघायला रांग लागली. वाघमहाराज स्वतः आले, त्यांनी वेल कापून गुहेचं उद्घाटन केलं आणि एका गिटारीवर पंजा ठेवला. तार तुटली. टाळ्यांचा कडकडाट झाला. झिपरूला शाल मिळाली, पदवी मिळाली. स्पर्धांना परीक्षक म्हणून त्याला पालखीतून नेऊ लागले. पोरं वाजवायची आणि झिपरू डोळे मिटून ऐकायचा. शेवटी उठून सांगायचा, "सूर बोटात नसतो, बाळांनो. लाकडात असतो." साळूशेठने ओढ्याच्या अलीकडेही एक दुकान काढलं. म्हाताऱ्या वानराकडे कोणी येईनासं झालं. मग ते वड सोडून कुठेतरी निघून गेलं.

सासूबाईंच्या गुहेत आतल्या दालनात नुसता पाला होता. जांभळीने पिल्लाला तिथे ठेवलं आणि तोच पाळणा तोंडाने म्हणू लागली. चारही ओळी काही झाल्या नाहीत. तिसऱ्या ओळीला पिल्लू झोपलं.

कावळा तिकडे फिरकला नाही. तिथे मोजण्यासारखं काही नव्हतं.

तात्पर्य: घरात एक गिटार असून ती वाजवता येत नसेल, तर लोक तुम्हाला आळशी म्हणतात. गुहा भरून गिटारी असून एकही वाजवता येत नसेल, तर तज्ज्ञ म्हणतात. तेव्हा मुलांनो, नखं मुळीच कापू नका. गिटारींसाठी घर रिकामं करा.