विमानातले अंबादासमामा

आमच्या गल्लीतले अंबादासमामा कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्यानं हात जोडायच्या आत त्याचं मनगट पकडत, घड्याळाकडं बघत आणि मग म्हणत, "ठीक हाय. बोल आता." एका लग्नात अहेर देताना त्यांनी नवरदेवालाही सोडलं नाही. "एकशेवीस! घाबरलाय बे ह्यो. लिंबूपाणी पाजा."

वीस वर्षं ते हवाईदलात होते. जखमी जवानांना आणणाऱ्या विमानांत पट्ट्या बांधायच्या, सलाईनची बाटली धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. मग सोलापुरात परतून वडिलांच्या मागावर चादरी विणू लागले. लग्नाचं विचारलं तर म्हणत, "ऱ्हाऊन गेलं बे."

सत्तरच्या दशकात एकदा विणकर सोसायटीनं चादरींच्या प्रदर्शनासाठी आम्हा दोघांना मुंबईहून दिल्लीला विमानानं धाडलं. मी सोसायटीचा कारकून, पहिल्यांदाच उडत होतो. मामांनी माझी नाडी पाहिली. आकडा मात्र सांगितला नाही.

अर्ध्या वाटेत हवेच्या पोकळीत विमान दाणकन खाली आलं. कॉफीची किटली घेऊन चाललेली हवाईसुंदरी कलंडली आणि उकळती कॉफी तिच्या हातावर सांडली. मागच्या गृहस्थांनी लगबगीनं पेन उघडलं, "भाजल्यावर शाई लावा, शाई!"

"शाई खिशात ठिवा!" मामा केव्हाच तिच्यापाशी पोचले होते. सूज यायच्या आत त्यांनी तिची बांगडी उतरवली, हाताखाली ट्रे धरला आणि प्यायचं गार पाणी ओतायला सुरुवात केली.

दुसरी हवाईसुंदरी धावत आली. "आजोबा, जागेवर बसा. पट्टा लावा."

मामांनी खुर्च्यांमधल्या वाटेतच बसकण मारली आणि दोन्ही पाय खुर्च्यांखाली अडकवले. "लावला पट्टा."

भाजलेली पोरगी नागपूरची होती. रडत म्हणाली, "डाग राहिला तर मला विमानावर ठेवणार नाहीत हो."

"तू हात हलवू नगंस. पानी मी थांबू देत न्हाय."

जगमधलं पाणी संपलं. मामांनी मला पिटाळलं. विमान हिंदकळत होतं आणि मी खुर्च्या धरत धरत लोकांचे पेले गोळा करत होतो. एका शेठजींनी आपला पेला छातीशी धरला. मामा तिथूनच गरजले, "शेठ, तुमाला तहान लागलीय. तिला आग लागलीय. सोडा!"

सुटला.

वीस मिनिटं मामांनी धार तुटू दिली नाही. मग स्वच्छ फडकं अलगद गुंडाळलं आणि दिल्ली येईपर्यंत तो हात उशीवर धरून बसून राहिले. उतरताना पोरीनं त्यांचा पत्ता लिहून घेतला.

दोन महिन्यांनी पोस्टमन मामांच्या दारात थांबला. अकरा वर्षांच्या शेजारात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. चष्मा सापडत नाही म्हणून मामांनी पत्र माझ्या हातात दिलं. चष्मा डोळ्यांवरच होता.

हात बरा झाला होता. डाग राहिला नव्हता. पोरगी पुन्हा कामावर रुजू झाली होती.

"व्हायलाच पायजे," मामा पुन्हा मागावर बसत म्हणाले.

मी शेवटची ओळ वाचली. "आणि तुम्ही कसे आहात? नक्की कळवा."

मामांनी माग थांबवला. "ती वळ परत वाच."

मी वाचली. त्यांनी पत्र हातात घेऊन ती ओळ बोटानं शोधली. मग हळू आवाजात म्हणाले, "ह्याला उत्तर काय लिवतात बे?"