न छाटलेला ‘गंज’

“आज हा वाद कायमचा मिटवतो की नाही बघ! लिहून देतो तुला!”

चष्मेवाल्याने बायकोला असं ठणकावून सांगितलं, तेव्हा तो बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या ओढून ओढून नेमक्या जागी लावत होता. बायको खाली निघाली होती. तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत ती गरोदर बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायची.

“कुठला वाद?” तिने चपला घालता घालता विचारलं.

“कुठला म्हणजे? गेल्या तीस वर्षांतला सर्वश्रेष्ठ रॉक अल्बम कुठला, हा!”

“असं होय! मला वाटलं काही महत्त्वाचं असेल,” ती म्हणाली आणि गेली.

पण वाद महत्त्वाचाच होता. चष्म्यांचं दुकान चालवणारा चष्मेवाला, दातांचा डॉक्टर आणि ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर हे कॉलेजपासूनचे जिगरी दोस्त. तिघांची लग्नं झाली, केस गेले, पोटं आली; वाद मात्र जसाच्या तसा तरुण! डॉक्टरचा जीव ‘आठवा मजला’ या अल्बमवर. मास्तर ‘वीज गेल्यावर’चा भक्त. आणि चष्मेवाल्याच्या मते, ‘तुटकी शिडी’ नावाच्या बँडने ‘गंज’ हा अल्बम काढला, त्यानंतर जगातल्या सगळ्यांनी गिटारी कपाटात ठेवून द्यायला हव्या होत्या.

इथवर ठीक होतं. पण महिन्यापूर्वी मास्तर दात दाखवायला डॉक्टरकडे गेला. दात कोरून झाला, भरायचा राहिला, एवढ्यात डॉक्टर सहज म्हणाला, “तुझ्या त्या ‘वीज गेल्यावर’चा ड्रमर ना, वाजवतो म्हणजे जिन्यावरून पातेलं घरंगळतंय असं वाटतं!” मास्तरच्या तोंडात कापूस. तरीही त्याने जे उत्तर दिलं ते कापसातून इतकं स्पष्ट ऐकू आलं, की डॉक्टरने हातातलं यंत्र खाली ठेवलं.

“जा! दुसरीकडे भरून घे!”

मास्तर ताठ मानेने उठला आणि कोरलेला दात घेऊन निघून गेला. तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. डॉक्टर माफी मागेना आणि मास्तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाईना. बिचारा महिनाभर एकाच गालाने जेवत होता.

म्हणून चष्मेवाल्याने बेत आखला. दोघांनाही एकमेकांना न सांगता बोलवायचं, खुर्च्यांत बसवायचं आणि असं काही ऐकवायचं की भांडण वितळून गेलं पाहिजे. त्याने ‘गंज’ची मूळ, न छाटलेली आवृत्ती मिळवली होती. कंपनीने त्या वेळी कापून टाकलेला सगळा भाग म्हणे तिच्यात होता! त्याने स्वतःसुद्धा ती अजून ऐकली नव्हती. शिवाय नवा स्पीकर होता. चांगला गुडघ्याएवढा काळा डबा! तसाच एक त्याने बायकोच्या वर्गासाठीही घेतला होता. दोन्ही डबे एकाच दुकानातले, एकाच घाण्यातून काढलेले. मोबाईलवर दोघांचं नावही एकच दिसायचं.

तुमच्या लक्षात आलं ना? त्याच्या नाही आलं.

दुपारी डॉक्टर आला. मागोमाग मास्तर आला. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं भाजीत निघालेल्या केसाकडे बघतात.

“हा इथे का?” डॉक्टर.

“ह्याला सांग, मीही तेच विचारतोय,” मास्तर.

“बसा!” चष्मेवाला गरजला. “काही बोलू नका. डोळे मिटा. आजवर कुणी ऐकला नाही असा ‘गंज’ ऐकवतो!”

त्याने मोबाईलवर बोट ठेवलं.

आधी काहीच नाही. मग टप्प... टप्प... पाणी ठिबकल्यासारखा आवाज. मग लांबून एक पक्षी.

चष्मेवाल्याने मोबाईल पाहिला. ‘गंज’च दिसत होता. ‘गंज’ सुरू होतो तो तीन गिटारींच्या किंकाळीने! पण ही न छाटलेली आवृत्ती. असेल बुवा! त्याने चोरून डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरचा चेहरा देवासमोर उभं राहिल्यासारखा झाला होता.

“बाप रे!” डॉक्टर पुटपुटला. “काय धाडस आहे! रॉक बँड, आणि सुरुवातीला नुसतं पाणी!”

“आणि पक्षी,” मास्तर न राहवून म्हणाला. “पक्षी बरोबर समेवर आला.”

महिन्यात पहिल्यांदाच दोघे एकमेकांशी बोलले! चष्मेवाल्याला भरून आलं. ‘अजून थोडं मोठं करावं,’ असं म्हणून त्याने मोबाईलवर आवाज वाढवला.

त्याच क्षणी खालच्या मजल्यावर जमीन हादरली.

झालं होतं असं, की चष्मेवाल्याचा मोबाईल जोडला गेला होता खालच्या डब्याला, आणि बायकोचा वरच्या. खाली शांत झऱ्याची वाट बघत डोळे मिटून पडलेल्या बायकांच्या अंगावर तीन गिटारी आणि एक ड्रमर एकदम कोसळले होते! बायकोने घाईघाईने आपला मोबाईल काढला. झरा लावलेला तर दिसत होता, मग हे काय? झऱ्याचा आवाज कमी पडतोय असं वाटून तिने तो वाढवला.

वर धबधबा सुरू झाला.

“आता चढला बघ!” डॉक्टर खुर्चीच्या टोकाला आला. “काय ती पातळी! माणसाने किती लहान वाटून घ्यावं!”

“मी हरलो,” मास्तर म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते. “हे काहीतरी वेगळंच आहे. हे संगीताच्या पलीकडचं आहे रे!”

“उद्या ये दवाखान्यात,” डॉक्टर हळूच म्हणाला. “दात भरून देतो.”

“येतो.”

चष्मेवाल्याला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. पण रसभंग एकच होता: खालून येणारी ती धडधड! त्यावर उपाय म्हणून त्याने आवाज आणखी वाढवला. धडधड दुप्पट झाली. भिंतीवरचं घड्याळ थरथरू लागलं.

“कोण आहे हा रानटी?” डॉक्टर भडकला. “इथे आम्ही ‘गंज’ ऐकतोय आणि खाली कुणी पत्रे बडवतंय! लोकांना काही रसिकता आहे की नाही?”

“टिनपाट बँड आहे कुठलातरी,” मास्तर म्हणाला. “ड्रमर तर असा वाजवतोय जसा त्याच्या अंगावर मुंग्या चढल्यात!”

चष्मेवाला मान डोलावणार होता. पण त्याचे कान उभे राहिले. ती धडधड त्याच्या ओळखीची होती. कॉलेजात असताना तिच्यावर नाचून नाचून त्याने वसतिगृहाची एक खाट मोडली होती!

“अरे देवा!” तो ओरडला आणि जिन्याकडे धावला. ‘रानट्याला’ जाब विचारायला डॉक्टर आणि मास्तर त्याच्या मागे.

खाली बायको स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावरचा डबा ओढायच्या प्रयत्नात होती. “अहो, हा तुमचा उद्योग ना? बंद करा आधी!”

चष्मेवाल्याने खिशातून मोबाईल काढला, तेवढ्यात चटईवरून कुणीतरी ओरडलं, “नको! बंद करू नका! कुणीही हात लावू नका!”

ती शिलाईचं काम करणारी बाई होती. पहिलटकरीण. सकाळपासून तिच्या पोटातलं बाळ हललं नव्हतं. वर्गात आल्याआल्या तिने ते बायकोच्या कानात सांगितलं होतं. बायकोने तिला डाव्या कुशीवर निजवलं, इस्पितळात फोन केला. इस्पितळवाल्यांनी लगेच घेऊन या म्हणून सांगितलं होतं. रिक्षा बोलावली होती, आणि ती येईपर्यंत बाई घाबरू नये म्हणून झरा लावायला बायको गेली होती. आणि आता ती बाई हसत होती, रडत होती, आणि पोटावरच्या चादरीकडे बोट दाखवत होती.

“बघा! बघा!”

ड्रमचा घाव पडला, आणि चादर उडाली.

पुन्हा घाव. पुन्हा चादर उडाली.

बाकीच्या बायका चटयांवरून उठून कोंडाळं करून उभ्या राहिल्या. बायको स्टुलावरच थिजली. तिघे मित्र दारात. डॉक्टरने जाब विचारायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. एक इवलीशी टाच, जिने अजून जमीन पाहिली नव्हती, ती आतून दार ठोठावत होती!

“तालात आहे,” मास्तर दबक्या आवाजात म्हणाला.

“किंचित पुढे जातंय,” डॉक्टर म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याने तोंड फिरवलं.

हा ठोका चष्मेवाल्याने किती वेळा ऐकला असेल! पण तो कुणाला तरी जागं करू शकतो, हे त्याला आज कळत होतं. त्याचाच चष्मा धुरकट झाला, आणि दुसऱ्यांचे पुसून देणारा हा माणूस तो पुसायलाही विसरला.

बायको भानावर आली. “छान झालं, पण इस्पितळात तपासायलाच हवं. मास्तर, गाडी काढा!”

मास्तरची गाडी म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची. चष्मेवाल्याची बायकोही हिच्यावरच मास्तरकडून शिकली होती. छतावर पाटी, आणि दोन्ही सीटपुढे ब्रेक. मागे दोघी बायका आणि दाराशी चेपलेला चष्मेवाला. पुढे डॉक्टर, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून. मास्तर गाडी पळवायचा आणि डॉक्टर घाबरून थांबवायचा!

“पाय काढ तिथून!”

“आत बाळ आहे! हळू चालव!”

“बाळ तुझ्यापेक्षा धीट आहे!”

शेवटी शिलाईवाल्या बाईनेच दोघांना दम दिला आणि गाडी सरळ इस्पितळात पोचली.

तिला पडद्याआड नेलं. तिघे बाहेर उभे राहिले. थोड्या वेळाने आतल्या यंत्रातून आवाज आला. भराभर, अखंड, लांबून घोडं दौडत यावं तसा. बाळाच्या हृदयाचा ठोका! चष्मेवाल्याने नकळत एका हाताने डॉक्टरचा हात धरला, दुसऱ्याने मास्तरचा. तिघे पन्नाशीला टेकलेले गडी, खाली माना घालून, नुसते ऐकत राहिले. कुणी म्हणालं नाही की पुढे जातंय की मागे पडतंय.

“याच्यापुढे कुठला अल्बम रे?” शेवटी डॉक्टर म्हणाला.

“कुठलाच नाही,” मास्तर म्हणाला.

“कुठलाच नाही,” चष्मेवाला म्हणाला. आणि खरंच, वाद मिटला होता. त्याने शब्द दिल्याप्रमाणे, संध्याकाळच्या आत!

“सगळं उत्तम आहे,” डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. “लबाड झोपलं होतं. आता चांगलं जागं आहे.”

एवढ्यात त्या बाईचा नवरा धावत आला. घरं रंगवायचं काम करायचा तो. हातावर पांढरा रंग तसाच होता. आत जाऊन बायकोला बघून, यंत्राचा ठोका ऐकून तो बाहेर आला. त्याने तिघांचे हात हातात घेतले आणि रंगवून टाकले.

“तुमचे उपकार कसे फेडू! कुठलं गाणं होतं हो ते?”

“‘गंज’!” चष्मेवाला छाती फुगवून म्हणाला. “‘तुटकी शिडी’चा!”

“अच्छा, ‘गंज’!” नवरा डोळे पुसत म्हणाला. “शाळेत असताना ऐकायचो. बरा आहे. पण त्यांचा खरा अल्बम म्हणजे ‘वाळू’.”

“‘वाळू’?” डॉक्टर म्हणाला.

“‘वाळू’?” मास्तर म्हणाला.

“‘वाळू’मध्ये बासरी आहे!” चष्मेवाला किंचाळला.

नर्सने चौघांनाही बाहेर काढलं. इस्पितळाच्या पायऱ्यांवर मग जे जुंपलं! तिघे एका बाजूला, होणारा बाप एकटा एका बाजूला, पण मागे हटेना. थोड्या वेळाने दोघी बायका बाहेर आल्या. शिलाईवाली बाई नवऱ्याला म्हणाली, “चला ना घरी.” तो म्हणाला, “हो हो, आलोच. आधी यांना बासरीचं समजावून देऊ दे.” चष्मेवाल्याच्या बायकोने नुसता हात पुढे केला. “मास्तर, किल्ली.” मास्तरने वाक्य न तोडता किल्ली तिच्या हातावर ठेवली.

दोघी गाडीत बसल्या, गाडी सुरू झाली, अगदी त्यांच्या नाकासमोरून सावकाश वळून रस्त्याला लागली.

मास्तर बोलता बोलता थांबला. तिच्याकडे कौतुकाने बघत राहिला.

“वा! क्लच काय सुरेख सोडला बघा त्या बाईने!” तो म्हणाला. “शिकवणारा कुणीतरी जाणकार असला पाहिजे. हां, तर काय म्हणत होतो मी? बासरी!”